सौ. नंदाबाई शेजूळ, अंबड

"काकू आहेत का?" फोनवर निवेदिताने विचारलं.

"देवीला गेली ती," भुजंगराव म्हणाले. "मत्स्योदरीला. यायला टाइम लागंल. तुमी सांगा, मी निरोप देतो."

मान तिरकी करून त्यांनी फोन खांद्यावर धरला होता, कारण दोन्ही हात गुंतलेले होते. सुईवर ब्याऐंशी टाके होते आणि ओळ अर्धीच झाली होती. अर्ध्या ओळीत सुई खाली ठेवायची नाही, असं नंदाबाईंनी शिकवलं होतं.

"काकू कधी सापडतच नाहीत," निवेदिता हसली. "मी फोन केला की कधी देवीला, कधी बाजारात, कधी जालन्याला लेकीकडे. कमाल आहे त्यांची या वयात."

भुजंगरावांनी पुढचा टाका घेतला. नंदाबाईंना जाऊन येत्या फाल्गुनात बारा वर्षं होणार होती.

निवेदिता 'दोन सुया' या मासिकाची संपादक. विणकामाचं हे छोटं मासिक तिचे सासरे श्रीपतीराव यांनी जुन्या जालन्यात सुरू केलं, तेव्हा लोक हसले होते. इथल्या उन्हात लोकर कोण हातात धरणार, असं म्हणाले होते. पण थंडी मराठवाड्यातही पडते आणि बाळं सगळीकडेच जन्माला येतात. एके काळी नऊ हजार अंक निघायचे. दर महिन्याच्या पाच तारखेला ते पोस्टाने घरोघर पोचायचे. श्रीपतीराव गेले, लोकरवाल्यांच्या जाहिराती गेल्या, पानं निम्मी झाली. आता वर्गणीदार चारशेसुद्धा उरले नव्हते.

"काका, हे खरं तर काकूंनाच सांगणार होते," निवेदिताचा आवाज जरा खाली आला. "दिवाळी अंक शेवटचा. त्यानंतर आपण छापणार नाही."

"म्हंजे बंद?"

"छापणं बंद. मोबाइलवर चॅनेल सुरू करतोय. आता महिनाभर थांबायला कुणाला जमत नाही हो. मुली मोबाइल समोर ठेवतात आणि बघत बघत विणतात. 'दोन सुलट, एक उलट' हे कागदावरून वाचून विणायचं असतं, हेच त्यांना माहीत नाही."

"बराबर हाय," भुजंगराव म्हणाले.

"पण शेवटच्या अंकात काकूंवर चार पानं करायची आहेत. चौतीस वर्षं लिहितायत त्या, आणि त्यांचा एक फोटो नाही आमच्याकडे. मी पुढच्या रविवारी अंबडला येते. केदारखेड्याच्या पुष्पाबाई मुरकुटेंनाही घेऊन येते. नंदाताईंना एकदा बघायचंय, एकदा बघायचंय, असं त्यांनी किती वेळा लिहिलंय मला. तेवढा रविवार काकूंना घरी थांबवा. देवीला जाऊ देऊ नका."

फोन बंद झाला. भुजंगरावांनी ओळ पुरी केली आणि टाके मोजले. ऐंशीच भरले. दोन कुठेतरी सुटले होते.

भुजंग शेजूळ अंबडच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. जाळीच्या खिडकीआड बसून गाड्यांची नोंद करायची आणि भोंग्यावर पुकारायचं, जालना, वडीगोद्री, घनसावंगी, बीड. तेहतीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं. आवाज खणखणीत होता. या आवाजाच्या माणसाला बाळाची कुंची विणता येते, हे स्टँडवर कुणाला कधी कळलं नाही.

विणकाम नंदाबाईंचं. वडीगोद्रीला शाळेत असताना एका बाईंनी त्यांना शिकवलं होतं. एक्क्याण्णव साली त्यांच्या टोपीचा नमुना 'दोन सुया'मध्ये आला. अंक हातात पडल्यावर त्यांनी नमुना वाचलाच नाही. खालचं नाव तेवढं पुन्हा पुन्हा वाचलं. 'सौ. नंदाबाई शेजूळ, अंबड.' मग नवऱ्याला म्हणाल्या, "लग्नाच्या पत्रिकेनंतर पहिल्यांदा छापून आलं बघा माझं नाव."

त्यानंतर वर्षाला आठ-दहा नमुने जाऊ लागले. पुढे त्यांना संधिवाताने धरलं. बोटं सुजली, मग वाकडी होत गेली. सुई धरवेना. एका संध्याकाळी भुजंगराव ड्युटीवरून आले तर नंदाबाई भिंतीला टेकून रिकाम्या हातांनी बसल्या होत्या. पुढ्यात लोकरीचा गुंडा होता. भुजंगरावांनी हातपाय धुतले, सुया उचलल्या आणि म्हणाले, "सांग."

आठ वर्षं तेच चाललं. डोकं तिचं, हात त्यांचे. सुरुवातीला ते फार घाई करायचे. "आवं, बस सुटून राह्यली का?" नंदाबाई म्हणायच्या. "हळू. उसवा ते." ते उसवायचे. उसवताना त्यांना कधी राग आला नाही, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटायचं. नमुना बसला की नंदाबाई तोंडाने सांगायच्या आणि ते सुवाच्य अक्षरात लिहून काढायचे. खाली नाव अर्थात तिचं.

दोन हजार चौदा साली नंदाबाईंनी बाळाच्या स्वेटरचा मोठा नमुना घेतला. पुढच्या भागावर कैऱ्यांची वेल. एका अंकात मावेना, म्हणून दोन भाग करायचे ठरले. पहिला भाग मार्चच्या अंकात आला. तो अंक पोस्टमनने आणून टाकला तेव्हा घराला कुलूप होतं. नंदाबाई जालन्याच्या दवाखान्यात होत्या. छातीत कफ साचला होता. नवव्या दिवशी त्या गेल्या.

तेरावं झालं. पाहुणे परतले. चौदाव्या दिवशी श्रीपतीरावांच्या हातचं कार्ड आलं. 'सौ. नंदाबाईंस, स. न. वि. वि. स्वेटरचा दुसरा भाग अद्याप मिळाला नाही. वाचक भगिनी विचारणा करीत आहेत. पंचवीस तारखेच्या आत पाठवावा.'

ते कार्ड घेऊन भुजंगराव बराच वेळ उंबऱ्यात बसून होते. कुठे कुठे, कितीतरी घरांत अर्धे स्वेटर सुयांवर अडकले असतील. बायका पुढच्या अंकाची वाट बघत असतील आणि तिकडे बाळं तर रोज वाढतायत. नंदाबाईंनी बगलेपर्यंतचं सांगून ठेवलं होतं. बाह्या आणि गळा त्यांच्या डोक्यातच राहिला होता.

ते विणायला बसले. गळा तीनदा उसवला. चौथ्यांदा बसला. नमुना लिहून काढला आणि खाली नाव काय घालायचं याचा त्यांना प्रश्नच पडला नाही. पहिला भाग तिच्या नावाचा, दुसराही तिचाच. सोबत एक वेगळी चिठ्ठी जोडायची होती. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' इथपर्यंत त्यांनी लिहिलं. पुढचं लिहवलं नाही. पुढच्या महिन्यात कळवू, असं म्हणून त्यांनी पाकीट बंद केलं.

एप्रिलचा अंक आला. नमुन्याखाली छापलं होतं, सौ. नंदाबाई शेजूळ, अंबड. त्या महिन्यात भुजंगरावांनी तहसीलमध्ये जाऊन रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करून आणलं होतं. निवडणुकीच्या यादीत तिच्या नावावर शिक्का पडला होता. एकेका कागदावरून ती उठून चालली होती. इथे मात्र ती होती, 'सौ.'सकट. त्यांनी पुढच्या महिन्यातही कळवलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

केदारखेड्याहून पहिलं पत्र आलं ते दोन वर्षांनी. वहीचं रेघांचं पान, अक्षर वाकडंतिकडं.

'नंदाताईस नमस्कार. मी तुमच्या नमुन्याची टोपी लेकीच्या बाळासाठी विणली. बाळ सातव्या महिन्यात आलं आन दोन दिवसात गेलं. टोपी घरात आहे. सासू म्हणती जाळून टाक. मी टोपी उसवू का ठेवू ते सांगा. तुम्हाला विचारून राह्यले कारण टोपी तुमची आहे. पुष्पाबाई मुरकुटे.'

हे पत्र आपल्यासाठी नाही, हे भुजंगरावांना पुरतं कळत होतं. एका बाईने ते दुसऱ्या बाईला लिहिलं होतं. चार दिवस त्यांनी ते खिशात बाळगलं. स्टँडवर खिडकीत बसून पुन्हा पुन्हा काढून वाचलं. उत्तरच द्यायचं नाही, हे तर त्याहून वाईट होतं.

पाचव्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'पुष्पाताई, टोपी उसवू नका. माझा पहिला मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला. त्याचे मोजे मी ट्रंकेत ठेवले आहेत. ते बघून रडू येतं. पण ते नसते, तर मुलगा होता हे माझं मलाच खरं वाटलं नसतं.'

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त तो सांगायचा हक्क नंदाबाईंचा होता. त्या मुलाबद्दल नवरा-बायको तीस वर्षांत एकमेकांशी एकदाही बोलले नव्हते. लिहून झाल्यावर भुजंगरावांनी नळाखाली तोंड धुतलं आणि पाकीट पेटीत टाकून आले.

मग दर महिन्याला पत्र येऊ लागलं. आधी विणकामाचं विचारलेलं असायचं, मग घरचं. पिशवी काढायचं ऑपरेशन झालं, त्यानंतर कंबर कशी धरते ते. नवरा भावकीसमोर काय बोलला ते. बाईने बाईलाच सांगावं असं पुष्कळ काही. असलं काही वाचताना भुजंगराव चष्मा काढून ठेवत, जणू चष्म्याशिवाय वाचलं तर कमी वाचल्यासारखं होईल. आणि तरीही उत्तर लिहीत. उत्तरात कधी स्वतःबद्दलही लिहीत. 'आमचे हे आता भाकरी करायला शिकले. गोल होत नाही, पण फुगते.' असं लिहिताना कधीकधी त्यांना वाटायचं की भिंतीला टेकून नंदा सांगतेय आणि आपण नुसते लिहून घेतोय.

नऊ वर्षांत एकशे सहा पत्रं झाली.

त्यांची लेक शीतल जालन्याला शिक्षिका होती. तिला हे सगळं पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तेव्हा ती फार चिडली होती. "आईचं श्राद्ध घातलं आपण, आन तिकडं ती स्वेटर विणून राह्यलीय?" असं म्हणून दोन महिने बोलली नव्हती. पुढे तिने विषय सोडला. मंगळवारी भुजंगरावांनी तिला रविवारचं सांगितलं.

"अण्णा, सांगून टाका. त्या केदारखेड्याच्या माउलीला घरी येऊन कळायच्या आधी कळू द्या."

"सांगतो."

"आजच सांगा."

बुधवारी त्यांनी निवेदिताला फोन लावला. "काका, काकूंना हिरवी साडी नेसायला सांगा, फोटोत छान दिसते," ती म्हणाली. "बरं," भुजंगराव म्हणाले आणि फोन ठेवला. गुरुवारी पुष्पाबाईंना पत्र लिहायला घेतलं. पण पत्र पोचायला चार दिवस लागतील आणि तोवर त्या इथे येऊन गेलेल्या असतील, हे लक्षात आलं आणि कागद तसाच राहिला. त्यांचा फोननंबर भुजंगरावांकडे नव्हता. नऊ वर्षांत कधी लागलाच नव्हता.

शुक्रवारी दुपारी त्यांनी शीतलने मोबाइलवर पाठवलेला एक व्हिडिओ पाहिला. नखं रंगवलेले दोन हात आणि मागे गाणं. चार मिनिटांत टोपी तयार. त्यांनी बारकाईने बघितलं. टाके स्वच्छ होते. कामात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. शेवटी त्यांनी खाली-वर करून शोधलं, पण विणणारीचं नाव काही सापडलं नाही. गावही नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी घर झाडून काढलं. भिंतीवर नंदाबाईंचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. फोटो उतरवण्यासाठी त्यांनी हात वर केला. फ्रेमवरची धूळ पुसली आणि हात खाली घेतला.

अकराच्या सुमारास गाडी आली. निवेदिता पुढे, तिच्या हातात शाल, श्रीफळ आणि कॅमेऱ्याची तिकाटी. मागून पुष्पाबाई. पन्नाशी उलटलेली, रापलेली बाई. डोक्यावर पदर, काखेत कापडी पिशवी. उंबऱ्याबाहेर चपला काढून त्यांनी आधी दाराला हात लावून नमस्कार केला, मग आत आल्या.

"ताई कुठाय?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पिशवीत हात घातला. "बाजरीच्या खारोड्या आणल्यात. आन हे बघा." त्यांनी लोकरीचे हातमोजे काढले. तांबडे, बोटं उघडी राहतील असे. "ताईची बोटं दुखत्यात ना. टाका धरायला बोटं मोकळी, आन सांध्याला ऊब. माझा सोताचा नमुना हाय ह्यो. पुस्तकात बघून न्हाई केला."

भुजंगराव भिंतीकडे वळले. पुष्पाबाईंची नजर त्यांच्या नजरेमागून गेली.

"ही नंदा," ते म्हणाले. "दोन हजार चौदाच्या फाल्गुनात गेली."

 निवेदिता अडखळत म्हणाली, "पण काका, मागच्या महिन्यातच नमुना आला काकूंचा."

"मी धाडला."

"आणि त्याच्या आधीचे?"

"समदे. ती गेल्यापासून समदे मीच."

निवेदिता खुर्चीत बसली. पुष्पाबाई उभ्याच होत्या. हातमोजे हातात तसेच.

"मी सोळा साली पहिलं पत्र टाकल्तं," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हंजे ताईनं माझं एकबी पत्र वाचलं न्हाई."

"न्हाई."

"समदे तुमी वाचले."

भुजंगरावांनी मान हलवली.

"ते ऑपरेशनचं बी? आन त्याच्या म्होरचं?"

"वाचलं."

पुष्पाबाईंचा चेहरा हलला नाही, पण पदर त्यांनी गळ्याशी घट्ट ओढून घेतला. "मी बाईमाणूस समजून लिव्हलं व्हतं."

"चुकलो मी," भुजंगराव म्हणाले. "लई चुकलो."

"त्या मोज्यांचं?" पुष्पाबाईंनी विचारलं. "अकरा दिसांच्या पोराचं? ते बी रचलं का?"

"न्हाई. ते खरं हाय. पोरगं आमचंच व्हतं."

 पुष्पाबाईंनी हातमोजे घडी करून परत पिशवीत ठेवले आणि निवेदिताला म्हणाल्या, "मला घरी न्या, बाई." भुजंगरावांनी पाण्याचा तांब्या पुढे केला होता. त्याला त्यांनी हात लावला नाही. बाहेर जाऊन त्या गाडीत बसल्या, तोंड दुसऱ्या बाजूला करून.

निवेदिताचे डोळे भरले होते. जाता जाता ती दाराशी थांबली. "काका, रागावू नका. पण याचाच व्हिडिओ करू या का? तुम्ही इथेच बसायचं, विणत, आणि काकूंचा फोटो मागे. लाखो लोक बघतील. काकू सगळ्यांपर्यंत पोचतील."

"न्हाई," भुजंगराव म्हणाले. "तेवढं नको. तुमच्या अंकात चार ओळी छापा फक्त. आत्ताच लिहून देतो."

निवेदिताने दिलेल्या कागदावर त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं. 'या मासिकाच्या लेखिका नंदाबाई भुजंग शेजूळ, अंबड, यांचे ६ मार्च २०१४ रोजी निधन झाले. त्यानंतरचे नमुने त्यांच्या शिकवणीप्रमाणे त्यांच्या पतीने विणून पाठवले. कळवायचे राहून गेले. वाचक भगिनींची क्षमा मागतो.'

या वेळी हात थांबला नाही. साडेअकरा वर्षांपूर्वी न लिहवलेलं दोन मिनिटांत लिहून झालं.

दिवाळी अंक आला तेव्हा पोस्टमनने विचारलं, "आता हे बंद का शेजूळसाहेब?" भुजंगरावांनी हो म्हटलं. शेवटच्या पानावर चौकटीत त्या चार ओळी होत्या. नावामागे निवेदिताने 'कै.' घातलं होतं. बरोबरच होतं ते. तरी भुजंगराव त्या एका अक्षराकडे इतका वेळ बघत राहिले की शेगडीवरचं दूध उतू गेलं. एकाच पानावर मासिक संपलं होतं आणि नंदाही.

नोव्हेंबरात सदतीस पत्रं आली. लातूर, परभणी, सेलू, एक तर इचलकरंजीहून. दोघी-तिघींनी खरमरीत लिहिलं होतं. बाकीच्यांनी, जणू परवाच कुणी गेलं असावं तसं, सांत्वन केलं होतं. 'आत्ताच कळले, फार वाईट वाटले.' एकीने तिन्ही मुलांचे स्वेटर नंदाताईंच्या नमुन्यांवर विणल्याचं लिहिलं होतं, मुलं आता कॉलेजात आहेत, हेही. भुजंगरावांनी प्रत्येकीला उत्तर दिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. ते नाव लिहायची हाताला सवय नव्हती.

केदारखेड्याहून काही आलं नाही. डिसेंबर उजाडला. एके दिवशी भुजंगरावांनी ती एकशे सहा पत्रं जुन्या लुगड्याच्या स्वच्छ धडप्यात बांधली आणि सकाळची जालना गाडी धरली. जालन्याला उतरून भोकरदनची गाडी. केदारखेड्याच्या फाट्यावर विचारलं, तर मुरकुट्यांचं घर शेतातच होतं, अर्धा-पाऊण तास चालत.

ओसरीवर कापसाचा ढीग होता. पुष्पाबाई आणि त्यांची सून कापसातला काडीकचरा निवडत होत्या. पुष्पाबाईंनी त्यांना लांबूनच ओळखलं, पण या म्हणाल्या नाहीत. सुनेने सासूकडे पाहिलं, मग पोतं अंथरलं आणि पाणी आणून ठेवलं. भुजंगराव कडेला बसले. गाठोडं त्यांनी पुढे सरकवलं.

"तुमची पत्रं. एकशे सहा हायेत. मोजून घ्या. हे माझ्यापाशी ठेवायचा मला हक न्हाई."

पुष्पाबाईंनी गाठोड्याला हात लावला नाही. त्या कापूस निवडत राहिल्या. वाळलेली पानं, काड्या, किडकी बोंडं एका बाजूला पडत होती. भुजंगराव पाणी प्यायले, गुडघ्यावर हात टेकून उठले.

"बसा," पुष्पाबाई म्हणाल्या.

ते बसले.

"कशी गेली ती?"

हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. घरची माणसं तर दवाखान्यातच होती. मासिकाच्या वाचकांना ती जिवंतच होती. आणि सदतीस पत्रांतही कुणी विचारलं नव्हतं.

"कफ झाल्ता," त्यांनी सुरुवात केली. "आधी अंबडातच दाखवलं. मंग जालन्याला नेलं. नळ्या लावल्या नाकाला. सात दिवस तर वळखत व्हती समद्यांना. पोरीला म्हणली, अण्णांच्या पायाला भेगा पडल्यात, आमसुलाचं तेल लावाय लाव." ते थांबले. "आठव्या दिशी इसरायला लागली. मला म्हणली, आपून स्टँडवर हावोत का. मी म्हणलं, हो. मंग गप पडून राह्यली. नवव्या दिशी सकाळी डोळे उघडले. म्हणली, आवं, गाडी लागली का?"

सुनेचे हात थांबले होते.

"मी म्हणलं, लागली. बस तू. तिनं पदर नीट केला. ही अशी वाकडी बोटं, तरी बी केला. आन डोळे मिटले." भुजंगराव समोरच्या मोकळ्या वावराकडे बघत होते. "मी तेहतीस वर्षं गाड्या पुकारल्या, बाई. तिच्यासाठी पुकारायची येळ आली तवा आवाज निघाला न्हाई. कानात सांगितलं."

 पुष्पाबाईंनी मांडीवरचा कापूस झटकला, उठल्या आणि घराला वळसा घालून मागच्या न्हाणीकडे निघाल्या. दोरीवरचं लुगडं त्यांनी ओढून घेतलं.

"आत्याबाई, सकाळीच तर न्हाल्या तुमी," सून म्हणाली.

"माझं माणूस गेलंय," पुष्पाबाई म्हणाल्या. "न्हायचं राह्यलं व्हतं."

सुनेने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि निवडलेला कापूस एका बाजूला सारला. भुजंगराव मान खाली घालून बसले. घरामागून गार पाण्याचा पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला. मग दुसरा.